गुंतवळ मॅडमचे धागे

गुंतवळ मॅडम कोणतीही छापील वस्तू मागून वाचत. पुस्तक हातात दिलं की आधी शेवटचं पान, मासिक दिलं की आधी शेवटचं पान, आणि माझ्या प्रेसच्या टेबलावर लग्नपत्रिकेचं प्रूफ पडलेलं असेल तर ते तळापासून वर. वर कोण, वधू कोण, मुहूर्त कधीचा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. आधी खालची बारीक टायपातली नावं. एकदा असंच एक प्रूफ त्यांनी उचललं, नजर खालून वर नेली आणि म्हणाल्या, "भाऊ, या मुलीच्या मामाचं घरात काहीतरी बिनसलेलं दिसते. मामीचं नाव आहे, त्यायच्या पोरायचं आहे, मामाचंच नाही." मी घाईघाईनं मूळ कागद काढला. मामा होता. ठसठशीत अक्षरात होता. मजकूर जुळवणाऱ्या माझ्याच कंपोझिटरनं त्याला गाळला होता. तो मामा तसाच गळून पत्रिका गावात गेली असती तर मांडवात काय झालं असतं, हे आमच्याकडच्या लग्नांना गेलेल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसापासून प्रत्येक प्रूफ मॅडमच्या नजरेखालून घालायचा मी नेमच केला.

यवतमाळात माझा छोटासा छापखाना आहे. त्याच्यावरच्या दोन खोल्यांत मॅडम भाड्यानं राहत. गावातल्या एका कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या. माहेर राळेगाव तालुक्यातलं, खरं नाव सुजाता. पण ते नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. 'गुंतवळ मॅडम' हे नाव कॉलेजच्या पोरांनी ठेवलं. आपल्या अभ्यासासाठी त्या रेघांचं जे चित्र काढत, ते विंचरल्यावर फणीला राहिलेल्या केसांसारखं दिसे, म्हणून. दुसरी एखादी बाई रडली असती किंवा प्राचार्यांकडे गेली असती. मॅडमनी ते नाव ऐकलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. गुंतवळच आहे. फक्त मी ते सोडवून राह्यली."

त्यांचं पीएच.डी.चं काम चाललं होतं, आणि ते काय होतं हे समजायला मला वर्ष लागलं. सुरुवातीला एवढंच दिसायचं की बाई एसटीनं दूरच्या कृषी विद्यापीठात जातात आणि कापसावरच्या शोधनिबंधांच्या झेरॉक्स आणतात, त्याही फक्त शेवटच्या पानांच्या. निबंध भलामोठा, पण पहिली पानं यांना नकोत. मला वाटलं, काटकसर असेल. एक दिवस न राहवून म्हटलं, "मॅडम, मुख्य माल तर पुढच्या पानात असते ना?" त्या हसल्या. "भाऊ, पुढच्या पानात माणूस आपलं सांगते. मागच्या पानात तो कोणाच्या जिवावर बोलून राह्यला, त्या जुन्या निबंधायची यादी असते. मले ते पाहिजे."

शेवटी त्यांनी मला समजावलं ते माझ्याच मालावर. दोन पत्रिका टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, "हे दोघं जण या पत्रिकेत सोबत आहेत, त्याही पत्रिकेत सोबत आहेत, आणखी चार घरच्या पत्रिकेत सोबत आले. मंग हे एकमेकांच्या जवळचे आहेत की नाही? त्यायले विचारायची गरज आहे का?" मी म्हटलं, नाही. "तसंच निबंधाचं. दोन जुने निबंध दहा नव्या लोकांनी मागच्या यादीत सोबत आठवले, की ते शेजारी. कोणीच सोबत आठवले नाहीत, की ते परगावचे. असे सगळे शेजारी जोडत गेलं की त्या शास्त्राचं गाव दिसते. कुठं वस्ती आहे, कुठं वाट आहे, कुठं काहीच नाही." हे मला एकदम पटलं. मला पटतं असं सांगणारी शिकलेली माणसं कमी भेटतात, म्हणून लक्षात आहे.

मग त्यांना हुक्की आली की कापसाच्या आधी ही रीत एखाद्या खऱ्या गावावर लावून पाहावी. मी छापलेल्या प्रत्येक पत्रिकेचा एक नमुना ठेवतो. राळेगावकडच्या एका गावच्या जुन्या पत्रिका त्यांनी माझ्या गठ्ठ्यातून काढून घेतल्या. वरच्या खोलीच्या भिंतीला खिळा ठोकायची परवानगी मीच दिलेली नव्हती, म्हणून एक मोठं प्लायवूड माझ्याच गोदामात कागदाच्या रिमांना टेकवून उभं केलं. त्यावर खिळे, खिळ्यांना नावांच्या चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्यांच्या मधून भरतकामाच्या रिळांचे धागे. चार-सहा दिवसांत गाव उभं राहिलं. मी चकित झालो. हे पाटलाचं घर, हा बाजूला पडलेला म्हणजे वेगळा निघालेला धाकटा, ही दुसरी आळी, सगळं ओळखू येत होतं. आणि सगळ्याच्या मधोमध, जिथे सगळीकडून धागे येऊन गर्दी झाली होती, तिथे सरपंच नव्हता, पुढारी नव्हता. तिथे मी होतो.

हो, मी! माझ्या छापखान्याचं नाव. मॅडम वाचायच्या खालून, आणि प्रत्येक पत्रिकेच्या सगळ्यात खाली बारीक अक्षरात माझ्या प्रेसचं नाव असतं. त्यांनी ते इमानेइतबारे पहिलं नाव म्हणून घेतलं होतं. मला काय, आनंदच झाला. मशीनवरच्या माणसांना हाक मारून दाखवलं, "पाहा बे, गावाच्या मधात कोण आहे!" मॅडमनी कपाळावर हात मारला. "भाऊ, तुमाले काढा लागते." मी म्हटलं, काहून? "तुमी सगळ्यायच्याच पत्रिकेत आहात. जो सगळ्यायसोबत आहे, तो कोणाच्या जवळचा हे नाही सांगता येत." आणि त्यांनी माझी चिठ्ठी काढली, माझे सगळे धागे सोडवले. गाव लगेच मोकळं, स्वच्छ दिसायला लागलं. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण खरं सांगतो, मला जरा लागलं. इतकी वर्षं लोकांची शुभकार्यं छापली, आणि आपण कोणाच्याच जवळचे नाही, हे भर गोदामात ऐकायला मिळालं.

पुढे कापसाचा नकाशा त्याच फळीवर चढला तेव्हाही हेच झालं. मधोमध एक आकडेशास्त्राचं पुस्तक येऊन बसलं. ते प्रत्येक निबंधात होतं, कारण हिशेब सगळेच त्यावरून करत. मॅडम गोदामातून ओरडल्या, "भाऊ, या, तुमचा प्रेस आला!" त्यांनी ते काढून फेकलं आणि खाली कापसाचं गाव दिसलं. एका बाजूला अळीवाले, म्हणजे बोंडअळी, फवारणी, औषधं. तिथे ही गर्दी. दुसऱ्या बाजूला जमीन आणि पाणीवाले. तिथेही दाट वस्ती. आणि दोघांच्या मधात मोकळं प्लायवूड. एक धागा इकडून तिकडे जात नव्हता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. मला ते पेपरातून कळायच्या आधी माझ्या धंद्यातून कळलं. पत्रिका कमी झाल्या, कागद पातळ झाला, सोनेरी शाई कोणी मागेनासं झालं. आणि जिल्ह्यात साहेब लोकांच्या गाड्या वाढल्या. त्या गाड्या माझ्या दारात थांबून खेड्यांचे रस्ते विचारत.

मॅडमचे मोठे भाऊ बाजाराच्या दिवशी राळेगावहून एसटीनं येत. आम्ही त्यांना दादाजी म्हणायचो. स्वतःचं वावर, कापूस-सोयाबीन, आवाज पहाडी आणि तोंडात कायम चेष्टा. ते पहिल्यांदा फळीसमोर उभे राहिले तेव्हा एकेका चिठ्ठीला बोट लावत गेले.

"हे काय होय, सुजे?"

"जगात कापसावर जे काम झालं ते आहे, दादा. हे अळीवाले. हे जमीन-पाणीवाले."

"आन मधात?"

"मधात काही नाही."

"आपलं वावर कुठी आहे याच्यात?"

मॅडमनी त्या मोकळ्या प्लायवूडवर बोट ठेवलं. हलकी जमीन, वरचं, म्हणजे पावसाचंच पाणी, त्यात अळी. "इथं," त्या म्हणाल्या.

दादाजी जोरात हसले. "आता समजलं! तिकडच्या हप्त्यात एक साहेब आलते, फवारणी सांगून गेले. मागच्या हप्त्यात दुसरे आलते, जमिनीचं सांगून गेले. दोघायचं एकमेकाले जुळे ना. मी त्यायले म्हटलं, साहेब, तुमी दोघं एकाच गाडीत काहून नाही येत?" मग चहा प्यायले, पिशवी उचलली आणि जाता जाता म्हणाले, "पण सुजे, एवढ्या मोठ्या जगात मधात एकबी माणूस नसन? मले नाही पटत. तू नीट पाह्यलं नसन." मॅडमना राग आला. मोठ्या भावाचा यावा तसा, म्हणजे भाऊ बसमध्ये बसल्यावर.

आता अडचणीकडे येतो. मॅडमच्या प्रबंधावर दोघांच्या सह्या लागायच्या. एक ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक, ते लांबच्या शहरात, सज्जन आणि घाईत. दुसरे कापसाचे जाणकार म्हणून नेमलेले, आमच्याच गावचे, निवृत्त. त्यांना मी कापूसवाले सर म्हणतो. मोठा मान होता त्यांना, आणि तो किती आहे हे त्यांना स्वतःला नीट माहीत होतं. विद्यापीठाची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती आणि एक मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. सही झाली तर मॅडम त्यांच्या घरातल्या पहिल्या डॉक्टर. नाही झाली तर इतक्या वर्षांची एसटी, इतकी शेवटची पानं, सगळं मातीत.

सर नकाशा पाहायला माझ्या गोदामात आले. मी खुर्ची पुसून दिली. त्यांनी चष्मा लावला, फळी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "यात माझं काम कुठे आहे?" मॅडमनी वरचा उजवा कोपरा दाखवला. तिथे एक दाट पुंजका होता, आपसात करकचून बांधलेला, पण बाहेर एकही धागा न जाणारा. सरांचे निबंध सरांनीच आठवले होते आणि सरांच्या विद्यार्थ्यांनी. बाकी कोणी नाही.

"हे बेट आहे," सर म्हणाले.

"हो, सर."

"म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या कामाचा कोणाला उपयोग नाही, असं तुम्ही लिहिणार?"

"मी तसं म्हणत नाही, सर. धागे आले तेवढेच दाखवले."

"मग जरा आणखी शोधा. बेट राहिलं तर माझी सही विसरा," असं म्हणून सर उठले. मी पुढे केलेला चहा तसाच राहिला, आणि तो मीच प्यायलो.

ते गेल्यावर मी मॅडमना व्यवहाराची गोष्ट सांगितली. "दोन धागे ओढून टाका ना, मॅडम. एवढ्या गुंत्यात कोणाले दिसते?" त्या अशा वळल्या की मी मागे सरकलो. "भाऊ, तुमी पत्रिकेत नसलेला मामा छापता का?" मी म्हटलं, पार्टीनं लिहून दिला तर छापतो. "मी नाही छापत! एक खोटा धागा ओढला, की बाकीचे सगळे खोटे. मंग हे खरंच गुंतवळ झालं, उचला आन फेका." पुढचे काही दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. प्रुफं मात्र तपासून देत होत्या, जिन्याच्या पायरीवर ठेवून.

उन्हाळा तापत चालला. मॅडम कॉलेजातून आल्या की गोदामात फळीसमोर नुसत्या बसत. त्यांचा एक नियम होता. जो निबंध एखाददुसऱ्याच ठिकाणी आठवला गेला, त्याला फळीवर जागा नाही, नाहीतर धागे मावणार नाहीत. अशा गाळलेल्या चिठ्ठ्या माझ्या पत्रिकांच्या एका रिकाम्या खोक्यात साठल्या होत्या. दादाजींचं ते 'मधात एकबी माणूस नसन?' त्यांच्या डोक्यात अडकून बसलं होतं. शेवटी त्यांनी तो खोका जमिनीवर उपडा केला आणि एकेक चिठ्ठी वाचायला घेतली.

एका दुपारी मी मशीनवर होतो. मॅडम अनवाणी धावत आल्या. "मशीन बंद करा! भाऊ, मशीन बंद करा!" मला वाटलं, गोदामाला आग लागली. त्यांच्या हातात एक चिठ्ठी आणि दोन शेवटची पानं होती. एक पान अळीवाल्यांच्या निबंधाचं, एक जमीनवाल्यांच्या निबंधाचं. दोन्ही पानांवर एकच जुना निबंध होता. हलक्या जमिनीत कापसाच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी घातल्या तर ओल किती टिकते आणि अळी किती येते, याच्याबद्दलचा. त्या सगळ्या पसाऱ्यात इकडेही आणि तिकडेही आठवला गेलेला तेवढा एकच. आणि लिहिणारा कोण, तर कापूसवाले सर.

मॅडमना स्कूटरवर मागे बसवून मी सरांच्या घरी गेलो. सर अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. मॅडमनी उभ्यानंच दोन पानं पुढे केली आणि बोटानं ओळ दाखवली. सरांनी ती वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे तर... हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केलं होतं. एका शेतकऱ्याच्या वावरात, स्वतः तुरी पेरून. पुढे मी कधी याचं नावही घेतलं नाही. मला हे लहान काम वाटायचं." मग एकदम संशयानं वर पाहिलं. "मला खूश करायला तर आणलं नाही हे?"

"नाही, सर. दोनच धागे आहेत. बारीक आहेत. पण मधल्या जागेत तेवढेच आहेत."

"आणि माझं ते बेट?"

"ते आहे तिथेच आहे."

"लहानबिहान केलं का?"

"नाही, सर. आहे तेवढंच आहे."

सरांनी दोन्ही पानं मॅडमच्या हातात परत दिली. मला वाटलं, गेली सही. तेवढ्यात ते हसायला लागले, बाज हलेपर्यंत हसले, आणि घरात हाक मारली, "अगं, चहा टाक! आन या भाऊले खुर्ची दे!" इतका वेळ शुद्ध बोलणारा माणूस एकदम आपल्या बोलीवर आला. सही त्याच बाजेवर झाली. त्यानंतर सरांनी आम्हाला वेगळाच त्रास दिला. कोणीही भेटो, कुठलंही व्याख्यान असो, सुरुवात त्या तुरीच्या ओळींपासून. मॅडम म्हणायच्या, "भाऊ, सर आता या निबंधाचंही बेट करून टाकतीन."

डॉक्टर झाल्यावर मॅडमना दुसऱ्या शहरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा मिळाली. जाताना फळी नेता येईना. ती माझ्या गोदामातच राहिली. धाग्यांचे रंग उडाले, अळीवाल्यांची एक बाजू उंदरांनी कुरतडली. पण दादाजी बाजाराला आले की एकदा आत जाऊन मधली जागा पाहून येत. "हाय अजून आपलं वावर," म्हणत आणि चहाला बसत. मॅडम गेल्यावर माझ्या प्रुफांत चुका वाढल्या. मला त्यांची फार आठवण यायची. वरच्या खोल्यांत नंतर एक बँकेतला माणूस आला, तो सगळं पुढून वाचायचा.

मग काही वर्षांनी दादाजींच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका कुठे छापायची हा प्रश्नच नव्हता. दादाजी आणि मॅडम दोघं आले. मॅडमचे केस पांढरे झाले होते, चाल तीच. मी बुद्धाच्या चित्राचा ठोकळा काढून ठेवला, निळी शाई सांगितली, आणि मॅडमनी मजकुराचा कागद पुढे केला. त्यांच्यासोबत राहून मलाही ती खोड लागली होती. मी खालून वाचायला सुरुवात केली.

"मॅडम, खाली प्रेसचं नाव राह्यलं."

"राह्यलं नाही. नाही टाकायचं."

मला पुन्हा जरा लागलं. वर सरकलो. आत्यांच्या ओळीत डॉ. सुजाता. त्याच्या वर काकांची ओळ. पहिले दोन दादाजींचे चुलतभाऊ. आणि तिसरं नाव माझं. प्रेसचं नाही. माझं, वडिलांच्या नावासकट.

मला डोळ्यांपुढचं धूसर दिसायला लागलं. मी चष्म्याला दोष दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मॅडम, लोक काय म्हणतीन? उगाच धागा ओढला तुमी."

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी खोटा धागा ओढत नाही. तुमाले माहीत आहे."

"आता छापा बापा," दादाजी म्हणाले, "नाहीतर काकाच कामचुकार निघाला म्हणतीन."

ती पत्रिका मी कंपोझिटरकडे दिली नाही. स्वतः जुळवली, आणि प्रूफ दोनदा वाचलं, खालून वर.